टॅग : सावड

लोणावळ्यात तुंगार्लीच्या तलावाकडे जाताना एक बंगला लागतो. पाटीवर नाव 'निवांत', आणि आत कुणाला पाणी प्यायला फुरसत नाही. या बंगल्यात ऑनलाइन गेम विकणाऱ्या एका कंपनीचं ऑफिस होतं, आणि स्नेहलचं तिथलं काम म्हणजे गेमना नावं ठेवणं. हसू नका. दुसऱ्याला नावं ठेवायचं काम अख्खं गाव फुकटात करतं. स्नेहलला त्याचा पगार होता. नवा गेम आला की खेळून बघायचा, मारामारीचा की कोड्यांचा की शर्यतीचा ते ठरवायचं आणि त्याला टॅगच्या चार-सहा चिठ्ठ्या डकवायच्या, म्हणजे गिऱ्हाइकाला हवा तो गेम सापडतो.

मालक प्रज्ञेश. पुण्याचा, कायम पांढऱ्या पँटीतला. त्याच्या डोक्यात आलं की टॅग मराठीत हवेत. "शब्दकोशातले नकोत, स्नेहल. लोकांच्या तोंडातले दे." मग काय, पोरगी सुटलीच. एकट्यानं खेळायच्या गेमला तिनं 'सडाफटिंग' केलं. नुसतं बघत बसलं तरी आपोआप चालणाऱ्या गेमला 'आयतोबा'. एका गेमपाशी मात्र ती अडली. घरी येऊन तिनं आत्याला विचारलं, "आत्या, ढीगभर माणसं एका बेटावर उतरत्यात. जमीन आक्रसत जाती. जो तो दुसऱ्याच्या जिवावर उठल्याला. शेवटाला एकच उरतो. ह्याला काय म्हणायचं गं?"

बयाबाई आत्या भाकरी थापत होती. मान वर न करता ती म्हणाली, "भावकी."

तो टॅग असा चालला की विचारू नका. लोक गेम घ्यायच्या आधी नुसता टॅग वाचून हसायचे आणि हसता हसता गेम घ्यायचे. प्रज्ञेश खूश, स्नेहल खूश. आणि माणूस खूश असला की त्याच्या हातून हमखास घोळ होतो.

घोळ झाला तो 'हिरवं रान' नावाच्या गेमात. यात प्रत्येकाचं आपापलं शेत, आणि खेळणाऱ्यांनी एकमेकांच्या शेतात जाऊन मदत करायची. दुकानाच्या भाषेत को-ऑप. स्नेहलनं क्षणभरही विचार न करता लिहिलं, 'सावड'.

आता सावड म्हणजे काय, ते मावळात कुणालाही विचारा. आज मी तुझ्या खाचरात भात लावायला येतो, उद्या तू माझ्या. मजुरी नाही, लिखापढी नाही, जेवण ज्याचं खाचर त्याच्याकडे. आणि जो सावड फेडत नाही, तो गावात तोंड दाखवत नाही. निदान पूर्वी तरी दाखवत नसे.

प्रज्ञेशनं शब्द ऐकला आणि त्याचा चेहरा पडला. "सावडायचं म्हणजे... अस्थी? स्मशानातल्या? अगं, असा गेम कोण घेईल?"

"सर, ते सावडणं वेगळं. ही सावड जिवंत माणसांची."

समजावता समजावता चहा गार झाला, पण टॅग टिकला.

स्नेहलचे आईवडील ती लहान असतानाच गेले. तिला वाढवलं ते या आत्यानं, कामशेतहून पवनेकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका वाडीत. आत्याचं एकच खाचर होतं, आणि ते दरसाल सावडीनंच लागायचं. आता सावडीला माणूस उरला नव्हता. कोण आंबीच्या कारखान्यात पाळीला, कोण धरणाच्या काठाला तंबू ठोकून शहरातल्या पाहुण्यांना चांदणं दाखवण्यात गुंतलेला. तंबूवाल्यांत सगळ्यात पुढे हौशीराम, आत्याचा चुलतभाऊ. तिच्या खाचरातून धरणाचं पाणी ऐन समोर दिसतं, म्हणून त्याचा डोळा तिथंच. गेल्या साली खाचर पडीक राहिलं तेव्हा त्यानं पुन्हा विषय काढला. आत्या चिडली आणि मारुतीच्या देवळासमोर चारचौघांत बोलून बसली, "यंदा लावणी झाली न्हाई तर घाल तुझं तंबू!" तोंडातून गेलेला शब्द आणि बंदुकीतून सुटलेली गोळी. रोपं तर तिनं टाकली होती, खाचराची चिखलणीही झाली होती. पण लावायला हात कुठून आणायचे?

अशात एकदा तिनं स्नेहलच्या फोनवर तो टॅग वाचला.

"सावड? हितं?"

"व्हय गं. ह्याच्या शेतात त्यानं राबायचं, त्याच्या शेतात ह्यानं."

"मग मला लाव की जोडून."

स्नेहलला वाटलं, करमणूक होईल बिचारीची. आत्यानं मात्र पदर खोचला. जुना फोन हातात आला आणि ती लोकांच्या मळ्यांतून फिरायला लागली. कुणा 'किलरबॉय'ची वांगी तणात बुडाली होती, ती निंदली. कुणा 'पांढराकोल्हा'चा तर सगळा मळा पाण्यावाचून करपलेला. त्याला शिव्या घालत तिनं रोज पाणी दिलं. "ह्याला कुणी जमीन दिली रं द्येवा," असं म्हणत ती गेमातली मोटर चालू करायची. स्नेहल हसायची. हसायचं थांबली ती आत्यानं गेमातून सगळ्यांना आपल्या आवाजात निरोप धाडला तेव्हा.

"रामराम. मी बयाबाई. किलरबॉय, तुझी वांगी म्या निंदली. पांढराकोल्हा, तुझा मळा म्या जगवला, तुला काय अक्कल न्हाई. आता माझी लावणी हाय ऐतवारी. कामशेतवरनं पवनेच्या रस्त्याला लागा, कुनालाबी माझं खाचार इचारा. समद्यांनी या. जेवाण माझ्याकडं. इरलं नसंल तर प्लास्टिक आना डोक्यावर."

झालं! बंगल्यात तक्रारींचा पाऊस पडला. गेम खऱ्या शेतात बोलावतोय, ही फसवणूक आहे का? यायचं तर कुठलं हत्यार लागतं? खाचरात खेळ मधेच सेव्ह करता येतो का? एकानं तर रागानं विचारलं होतं की, चिखल खरा असेल तर ते आधी का सांगितलं नाही.

प्रज्ञेशनं स्नेहलला समोर उभं केलं. "तुझी आत्या गिऱ्हाइकांना भात लावायला बोलावतेय?"

"सर, त्यात सावड लिहिलंय ना. तिनं फेडायला बोलावलं."

"पण तो फक्त टॅग आहे!"

"तिच्या लेखी तो शब्द आहे, सर."

प्रज्ञेशनं कपाळाला हात लावला. का कोण जाणे, तो तिच्या नजरेला नजर देत नव्हता. "उद्या शनिवार. संध्याकाळपर्यंत टॅग काढ, नाहीतर सोमवारी येऊ नकोस."

स्नेहल घरी आली ती पाय ओढत. नोकरी गेली तर दुसरी कुठं मिळायची? आंबीला पाळीवर, डब्यांत नट मोजत. तिला खरोखर भीती वाटत होती. तिनं आत्याला सगळं सांगितलं.

आत्या कांदे चिरत होती, डोळे तसेही ओलेच होते. "काढ की. तुझी नोकरी मोठी, बाय. माझं काय, म्हातारीचं." मग जरा थांबून म्हणाली, "पर शब्द काढलास म्हंजे मी नुसती ख्येळत हुते असं हुईल. मग कुनी यायचं तरी कशापायी?"

शनिवारी संध्याकाळी स्नेहल फोनवर टॅग काढायच्या बटणावर बोट ठेवून बसली. शेजारी चुलीवर मोठं पातेलं चढलेलं. कुणी येणार नाही हे पक्कं ठाऊक असताना बाई पंक्तीचा मसाला वाटत होती. स्नेहलला असा राग आला, आत्याचा, प्रज्ञेशचा, हौशीरामचा, सगळ्या जगाचा, की तिनं फोन उचलला आणि तांदळाच्या डब्यात खुपसून झाकण लावलं. टॅग राहिला.

रविवारी पाऊस लागूनच होता. सगळ्यांच्या आधी हजर झाला हौशीराम. जीपमध्ये तंबू, बांबू, सगळी तयारी करूनच.

"बये, कुनी न्हाई आलं?"

"दिस काय मावळला न्हाई अजून," आत्या म्हणाली, आणि एकटीच खाचरात उतरून वाकली. ते पाठमोरं वाकलेलं माणूस बघून स्नेहलला रडू आलं. तीही उतरली.

तेवढ्यात रस्त्यावर एक रिक्षा थांबली. तिच्यातून एक पोट सुटलेला, टक्कल पडलेला गृहस्थ उतरला आणि लाजत लाजत म्हणाला, "बयाबाई इथंच का? मी... किलरबॉय." पिंपरीला बँकेत होता बिचारा. "आजी, तुमचा आवाज ऐकला आणि झोपच येईना हो. वांगी फार चांगली आली होती."

"आला न्हवं? पँट वर कर."

मग दुसरी रिक्षा. मग एक टेम्पो. तीन मैत्रिणी, एक दाढीवाला, एक नवरा-बायको तर भेटीचे पेढे घेऊन. हौशीराम जीपच्या बोनेटवर बसून आ वासून बघत होता. लावणी म्हणाल तर देवालाच काळजी. कुणी रोप उलटं खोवतोय, कुणी एकेका रोपाचा फोटो काढतोय. आत्या बांधावरून ओरडत होती, "अरं, मूठ अशी धर! रोपाचा गळा दाबू नगं!"

किलरबॉय चिखलातून मान वर करून म्हणाला, "मॅडम, शेवटी बॉस येतो का हो इथं? मोठा राक्षस वगैरे?"

स्नेहलनं रस्त्याकडे पाहिलं. "येतो," ती म्हणाली. "पांढऱ्या पँटीत."

प्रज्ञेश गाडीतून उतरला. आता सगळ्यांसमोर नोकरीवरून काढणार, असं वाटून स्नेहल हातातली रोपांची मूठ घट्ट धरून उभी राहिली. तो तिच्याकडे न बघता बांधावर आला, नेमका जिथं पाट फुटला होता तिथं उभा राहिला आणि त्या वाहून जाणाऱ्या पाण्याकडे नुसता बघत राहिला.

आत्यानं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "पाणी वाया चाललंय आन् ह्यो हुबा. तू पांढराकोल्हा!"

प्रज्ञेशचे कान लाल झाले. "तुमच्यामुळे माझा मळा जगला, मावशी," तो पुटपुटला, आणि बूट काढले. स्नेहलजवळून जाताना हळूच म्हणाला, "सोमवारी ये. आणि हे ऑफिसात सांगू नकोस." पुढच्याच पावलाला तो चिखलात बसला, पांढऱ्या पँटीसकट.

"बॉस आला!" किलरबॉय आनंदानं ओरडला.

दुपारपर्यंत निम्म्याहून जास्त खाचर लागलं, नागमोडी का होईना. जेवणाच्या वेळी सर वाढली, तेव्हा हौशीराम उठला आणि त्यानं आपला मोठा तंबू पंक्तीवर ताणून दिला. सगळे जेवले. हात धुऊन लोक पुन्हा खाचरात उतरले, तसा हौशीरामही धोतर वर खोचून बांधाशी आला.

आत्या ताठ झाली. "तुझं काय हितं? तू काय तो गेम ख्येळला न्हाईस. तुझ्यावर कसली सावड?"

हौशीरामनं खाली बघितलं. "बये, शेवटली सावड झाली त्या साली माझं खाचार तू लावलंतंस. दोन दिस वाकली हुतीस. आन् तुझ्या पाळीला मी तंबू ठोकाय गेलतो. तवापासनं तुझ्या दाराम्होरनं जाताना मान खाली असती गं माझी."

आत्यानं पदरानं तोंड पुसलं, पण पदरही चिखलाचाच होता, त्यामुळे काहीच पुसलं गेलं नाही. मग तिनं रोपांची एक मूठ उचलून भावाच्या अंगावर फेकली.

"मंग हुबा काय ऱ्हातोस? धर की. आन् सरळ लाव, तू काय त्यांच्यासारका शिकल्याला न्हाईस."