कुणालाही सुचलं असतं

"हे कुणालाही सुचलं नसतं, एवढंच लिहून द्या," असं म्हणत रावसाहेबांनी प्रतिज्ञापत्राचा मसुदा ललितासमोर सरकवला.

ललिता गजभियेला हसू आलं. तिनं ते लपवलंही नाही.

जनरेटरखाली बसणारा तो कंपनशोषक तिनंच तयार केला होता. तापलं की त्यातलं रबर लोखंडी पट्टीपासून सुटायचं. तिनं पट्टीला तिरकी भोकं पाडून रबर आरपार जाऊ दिलं, तेव्हा कुठं ते टिकलं. पेटंटच्या अर्जावर शोधक म्हणून नाव मात्र कारखान्याच्या मालकाचं, रावसाहेबांचं लागलं. तिनं विचारलं तेव्हा ते म्हणाले होते, "भोकंच तर पाडलीत. कुणालाही सुचलं असतं."

पुढं पेटंट कार्यालयानंही नेमकं तेच म्हणत अर्ज फेटाळला. आता अपील होतं, आणि खराडीतल्या आयटी कंपन्यांच्या जनरेटरना हे कंपनशोषक पुरवायचं मोठं काम त्यावर अडलं होतं.

"मॅडम, किती प्रयत्न फसले ते सविस्तर सांगा," वकील उत्कर्षा म्हणाली. "तुमच्याशिवाय कोण सांगणार?"

"सांगते की. कुणाचे फसले, तेही सांगते."

रावसाहेबांचा चेहरा उतरला. "तुमच्यासारख्यांना इथं उभं कुणी केलं, ते विसरू नका."

"माझ्यासारख्या म्हणजे कशा, साहेब?"

त्यांनी फोन उचलून उगाच चहा मागवला.

"शोधकाचं नाव दुरुस्त करता येतं," उत्कर्षा चाचरत म्हणाली. "मॅडमचं नाव घातलं तर अपील भक्कम होईल."

"माझा सत्कार झालाय त्या शोधाबद्दल! लोक काय म्हणतील?"

"कुणालाही सुचलं असतं, असं म्हणतील," ललिता म्हणाली आणि सही न करता मसुदा तिथंच ठेवून उठली.

तिचं नाव घालण्यापेक्षा रावसाहेबांनी अपील मागं घेतलं. खराडीचं काम गेलं. चाकण-भोसरीतले कारखाने तोच कंपनशोषक बिनदिक्कत बनवू लागले. ललितानं राजीनामा दिला.

शेवटच्या दिवशी फाटकावर रखवालदार सीताराम खाली मान घालून म्हणाला, "बाई, पिशवी तपासायला सांगितलीय. वरून हुकूम हाय."

"तपासा ना."

तिनं स्वतःच एकेक वस्तू टेबलावर मांडली. डबा, छत्री, चष्म्याचं घर, रुमाल. मागं बंद फाटकापाशी रावसाहेबांची गाडी येऊन थांबली. हॉर्न वाजला. पुन्हा वाजला.

ललितानं रुमाल झटकला, टेबलावर पसरला आणि कडेला कड जुळवून सावकाश घडी घालू लागली.