अकरा मिनिटं

इंटरनेटच्या तारेच्या टोकाला ती पारदर्शक प्लास्टिकची इवलीशी जीभ असते ना, दाबली की तार सुटते ती... ती तुटली होती. मंगळवारी मदतनीस राउदाने हिसडा देऊन तार उपटली तेव्हाच तुटली असणार. आता ती टेबलाच्या कडेवरून लोंबत होती, पंख्याच्या वाऱ्याने हलत होती, आणि युस्निदार मघापासून तिच्याकडेच पाहत होती, कारण तिच्याकडे पाहिलं की पडद्याकडे पाहावं लागत नव्हतं. पडदा लालभडक होता. त्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलं होतं की तुमच्या सगळ्या फायलींना आम्ही कुलूप घातलं आहे, किल्ली हवी असेल तर पैसे पाठवा. आणि खाली एक घड्याळ, उलटं धावणारं.

"बू, ह्या घड्याळाला भिऊ नका," तार्मिझी म्हणाला; युस्निदारला सगळेच ‘बू’ म्हणायचे, ‘आई’ म्हणावं तसं. चष्मा कपाळावर चढवून तो गुडघ्यांवर बसला होता आणि भिंतीतल्या तारा तपासत होता. बाजारात त्याचं दुरुस्तीचं दुकान होतं. प्रिंटरपासून मशिदीच्या भोंग्यापर्यंत सगळं त्याच्याकडे यायचं. "रॅन्समवेअर म्हणतात ह्याला. खंडणीखोर. माणसाला घाबरवायचं हाच त्यांचा धंदा. पण एक सांगा, हे आपणहून आत येत नाही. कुणीतरी दार उघडतं. कुणी उघडलं?"

"मीच असणार, बांग," राउदा म्हणाली; थोरल्या भावाला म्हणतात तसं ती त्याला ‘बांग’ म्हणायची. तिचे डोळे दोन दिवस सुजलेले होते. "कोरियन मालिका उतरवून घेते मी इथे. जेवणाच्या सुट्टीत. कुठल्याही साइटवरून..."

"मग त्या नायकाच्या केसांपायी झालं म्हणायचं हे," तो हसला, आणि कुणीच हसलं नाही तेव्हा पुन्हा तारांकडे वळला.

युस्निदारने तोंड उघडलं होतं. तिला नक्की आठवतं, ओठ विलग झाले होते. राउदा नव्हे, मी. मंगळवारी सकाळी ईमेल आली होती — आपलं पार्सल पत्त्यावर पोचलं नाही, सोबतची पावती पाहा. स्कॅनरची नवी काच येणार होतीच, दोन आठवडे तिची वाट पाहणं चाललं होतं. तिने पावती उघडली. कोरं पान, वर पिवळी पट्टी: मजकूर दिसण्यासाठी परवानगी द्या. तिने दिली. इतकी साधी गोष्ट, पाहुण्याला ‘या’ म्हणावं तशी. पान कोरंच राहिलं, तिने ते मिटलं आणि विसरून गेली... हे सांगता आलं असतं. चूक होती ती, चूक कुणाकडूनही होते, राउदाने उलट तिचेच हात धरले असते. पण ते सांगितलं की मागोमाग पुढचा प्रश्न आला असता, आणि ओठ आपोआप मिटले.

त्सुनामीच्या लाटेनंतर चार वर्षांनी हे केंद्र सुरू झालं. बांदा आचे शहरातल्या त्या दोन खोल्यांत लोक फोटो घेऊन यायचे — चिखलातून काढलेले, एकमेकांना चिकटलेले, कडा खाल्लेले. ती ते धुवायची, कापडावर वाळवायची, स्कॅन करायची, नाव-गाव लिहून घ्यायची. बहुतेकांचं दुसरं काही उरलेलंच नव्हतं, घर नाही, थडगंही नाही. मूळ कागद पुढे बुरशीने गेले. दोन हजार एकशे चाळीस चेहरे ह्या एका यंत्रात होते, आणि दर शुक्रवारी जोडायच्या त्या बाहेरच्या डिस्कमध्ये — जी तिने गेल्या शुक्रवारपासून काढलीच नव्हती. यंत्राबरोबर तीही गेली.

"जोडून ठेवलेली प्रत म्हणजे प्रतच नव्हे," तार्मिझी म्हणाला. "चोराला तिजोरी दाखवून वर किल्ल्यांचा जुडगाही तिथेच ठेवल्यासारखं."

त्याने आपला लॅपटॉप काढला, फोनवरून जोडला, खंडणीची चिठ्ठी आणि कुलूप लागलेली एक फाईल कुठल्याशा साइटवर पाठवली. तिथे म्हणे जगभरची माणसं ह्या खंडणीखोरांच्या जाती ओळखून ठेवतात, काहींच्या किल्ल्याही फुकट मिळतात. तिघं वाट पाहत बसली. बाहेर मासळीची गाडी हॉर्न देत गेली.

"जात कळली. किल्ली नाही. अजून कुणाकडेच नाही."

"पैसे दिले तर?" राउदाने विचारलं.

"नका देऊ. दिले तरी किल्ली येईलच असं नाही. आणि आली, तर पुढच्या वर्षी पुन्हा तुमच्याच दारात उभे. हे लोक पैसे देणाऱ्याचं नाव विसरत नाहीत." मग यंत्रातली डिस्क काढून त्याने ती कापडात गुंडाळली. "हा किडा मारणं सोपं आहे. नवी डिस्क घालतो, सगळं कोरं करून पुन्हा भरतो, तुम्ही पासवर्ड बदला, झालं. पण किडा मेला म्हणून त्याने लावलेली कुलपं उघडत नाहीत. ही जुनी डिस्क मात्र फेकू नका. कधी टोळी पकडली जाते, किल्ल्या बाहेर येतात. दोन वर्षांनी, पाच वर्षांनी. सांगता येत नाही."

सांगता येत नाही. हे शब्द तिला पाठ होते. छावणीतल्या फळ्यासमोर मुलीचं नाव शोधत उभी राहायची तेव्हा याद्या लावणारा माणूस हेच म्हणायचा — सांगता येत नाही, कदाचित मेदान शहरातल्या इस्पितळात असेल, कदाचित कुणी नेलं असेल. मेलेलीही नाही आणि असलेलीही नाही. त्या जागी मी चौदा वर्षं राहते आहे, तिथला प्रत्येक कोपरा मला ठाऊक आहे, आणि आता दोन हजार माणसांना मी तिथे आणून बसवलं...

"नऊ बावन्नला पहिली फाईल बदलली," तार्मिझी आधीच लॅपटॉपवर उतरवून घेतलेल्या यादीतून वाचत होता. "तार कधी काढलीत?"

"मी आले तेव्हा साडेदहा होत आले होते," राउदा म्हणाली.

"तोवर उरकलं होतं. मधे कुणाच्या लक्षात आलं असतं ना, नुसतं बटण दाबून बंद केलं असतं तरी निम्मं वाचलं असतं. बू, तुम्ही कुठे होतात?"

"मागे. ट्रे धुवत होते."

खोटं किती गुळगुळीत निघालं. ट्रे नव्हती धुवत. मी ह्याच खुर्चीत होते.

रोज काम सुरू करण्याआधी ती अडतीस नंबरची फाईल उघडायची. इन्तान, वय चार, पिवळा फ्रॉक, एका पायात चप्पल. उघडायची, बघायची, मिटायची. दहा वर्षांत एकही दिवस चुकला नव्हता, तापातसुद्धा नाही, कारण चुकला तर काय होईल ह्याची भीती वाटायची — काय व्हायचं राहिलं होतं कुणास ठाऊक. मंगळवारी फाईल उघडायला गेली तर नावं बदलताना दिसली. यादीच्या खालच्या टोकापासून सुरुवात झाली होती, एकामागून एक. नावाला एक लांबलचक निरर्थक शेपूट फुटायचं आणि चित्राच्या जागी पांढरा चौकोन. तिला कळलं. काय आहे ते नाही कळलं, पण जातंय हे कळलं. बटण हाताखाली होतं. आणि ती बसून राहिली. बदल वर वर येत होता, शंभर, नव्वद, साठ... अडतीस. पांढरा चौकोन. आणि त्या क्षणी छातीवरून काहीतरी उचललं गेलं — हे कुणाला सांगायचं? दुःख नव्हतं ते. उद्या उघडावं लागणार नाही, एवढंच वाटलं. पाय पसरून निजावं तसं. अकरा मिनिटं होती ती, भिंतीवरचं घड्याळ समोर होतं; त्या सुटकेसाठी तिने बाकीच्या सगळ्यांना जाऊ दिलं.

"बू!" राउदा एकदम ओरडली. "त्या चकत्या! कपाटातल्या!"

केंद्र सुरू झालं त्या वर्षी पहिल्या सहाशे अकरा फोटोंच्या चकत्या, सीडी, करून ठेवल्या होत्या. कपाटाच्या तळाशी सापडल्या, चार. एक चरे पडलेली. तार्मिझीने फुंकर मारून पहिली लॅपटॉपात सारली, यादी पुढे आली, आणि त्याने सहज, नंबर न बघता, एक उघडली.

पिवळा फ्रॉक. एक चप्पल.

"अल्हम्दुलिल्लाह," राउदाने तिला मिठी मारली, दोन दिवसांचं रडू पुन्हा सुरू झालं. "बू, तुमची इन्तान! बघा, तुमची आधी आली!"

तार्मिझीने मान वळवली, चष्मा पुसत बसला. युस्निदारने राउदाच्या पाठीवर हात फिरवला. तिला वाटलं, आपण पडद्यावरच्या ह्या मुलीकडे पाहतोय आणि ती आपल्याकडे पाहतेय, आणि तिला माहीत आहे.

दुपारच्या नमाजानंतर म्हातारा श्यामाऊन आला. दर गुरुवारी यायचा. मुलाचा फोटो घरी न्यायला तयार नसायचा, बायको तो पाहिला की जेवण सोडते म्हणून. इथेच पाच मिनिटं बघायचा आणि जायचा. त्याने केळीच्या पानात उकडलेली दोन गोड तिम्फान टेबलावर ठेवली, टोपी काढून मांडीवर घेतली.

"उघड गं पोरी."

त्याच्या मुलाचा नंबर चौदाशे सात. चकत्या सहाशे अकराला संपत होत्या.

"आपा," वडीलधाऱ्या माणसाला म्हणतात तसं ती म्हणाली, "यंत्र बिघडलंय. फोटो... सध्या दिसायचा नाही."

"कधी दिसेल?"

"सांगता येत नाही."

म्हाताऱ्याने मांडीवरची टोपी फिरवली. पलीकडे राउदा फायलींची वही वाचत बसली होती, उगाचच. मग तो म्हणाला, "खरं सांगू? मला आता आठवत नाही तो. इथे आलो की आठवतो, दाराबाहेर गेलो की जातो. वय झालं. तू तर बघितलायस ना? तू सांग, कसा होता."

तिने डोळे मिटले. दिसला, लगेच दिसला, स्वतःच्या मुलीपेक्षाही स्पष्ट. "उंच," ती म्हणाली. "पांढरा शर्ट, शाळेचा. बाह्या दुमडलेल्या. जरा डावीकडे वळून उभा आहे, कुणीतरी हाक मारल्यासारखा. हसत नाहीये, पण हसू येतंय ते दाबतोय. मागे होडी आहे, निळी." म्हातारा मान डोलावत होता, प्रत्येक गोष्टीला हो, हो, म्हणत; होडी तीच, आमचीच, म्हणाला. "आणि हनुवटीवर तीळ आहे."

"तीळ," म्हातारा म्हणाला. थोडा थांबला. मग त्याचा चेहरा सैल झाला, डोळे ओले झाले. "हो. होता. बघ, मी विसरलोच होतो."

आणि ती पुढे बोलत गेली, भुवया, कान, मनगटावरचं घड्याळ. थांबता येत नव्हतं. तो ऐकत होता आणि ती त्याला एकेक देत होती, आणि देता देता थंडगार होत तिच्या ध्यानात येत गेलं, की तीळ कुणाचा होता हे तिला ठाऊक नाही — चौदाशे सातचा, की बाराशे नव्वदचा, की दुसऱ्याच कुणाच्या मुलाचा.