हातवाली खुर्ची कोणाची

आमच्या विक्रीकर ऑफिसात माणसाची पायरी खुर्चीवरून कळायची. कारकुनाची खुर्ची बिनहाताची, इन्स्पेक्टरची हातवाली. त्यामुळे एका सोमवारी शिपायाने आमच्या विभागात हातवाली खुर्ची आणून ठेवली, तेव्हा माझं कामात लक्षच लागेना. हुकूम नाही, काही नाही, मग आली कोणासाठी ही?

सत्त्याहत्तर साल होतं. इन्स्पेक्टरची नवी पदं मंजूर होणार, हे ऐकून ऐकून कान किटले होते. आमच्याकडे एखादं आलंच तर ते महादेवरावांचं, हे उघड होतं. कारकून म्हणून लागले ते कारकूनच राहिले बिचारे, आणि महिनाअखेर निवृत्त होणार होते. त्यांच्यामागे नंबर माझा.

शिपायाला विचारलं तर म्हणे, वरून आली. हेडक्लार्कला विचारलं तर त्यांनी तोंडात पान कोंबलं. महादेवराव मात्र कोणालाच काही विचारेनात. फक्त डबा खायला रोज त्या खुर्चीशेजारी स्टुलावर जाऊन बसत. मला हसूही यायचं आणि चीडही. एकदा म्हटलं, बसून तर पाहा. त्यांनी कानाला हात लावले. हुकमाआधी बसलं की बढती हुकते, असं आमच्याकडे सगळेच मानत. पूर्वी एकजण बसला होता, त्याची थेट दूर जंगलात, सिरोंच्याला बदली झाली म्हणे.

महिन्याच्या शेवटच्या दुपारी हुकूम आला. पद मंजूर होतं, पण उद्याच्या एक तारखेपासून. एका दिवसाने हुकला की हो माणूस! म्हणजे खुर्ची माझी. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? आणि त्याचीच इतकी लाज वाटली की त्यांच्याकडे बघवेना.

गळ्यात निरोपाचा हार घालून तेच माझ्या टेबलाशी आले.

"कौसल्याबाई, उद्या बसून पाहा अन् मले सांगा, कसं वाटते ते."

मला वाटलं, बोलायचं म्हणून बोलले. तर दुसऱ्या दिवशी आपल्या गावाहून, काटोलहून, पहिल्या बसने हे दारात हजर, धुतलेलं धोतर नेसून. इकडे मी वैतागले होते. मेले ते हात टेबलाला अडत होते, खुर्ची आत सरकेना, लिहायला वाकून कंबर मोडायची वेळ आली होती.

"मंग? कसं वाटते?" त्यांनी उभ्याउभ्याच विचारलं.

मी दोन्ही हात टेकवून मागे रेलले.

"मस्त वाटते, महादेवरावजी. एकदम मस्त."

"वाटलंच होतं मले," ते म्हणाले, आणि समाधानाने परतीची बस धरायला निघाले.