कालचा काढा

उमाबाईंनी खलबत्त्यात वाळलेली बोरं टाकली आणि पहिलाच घाव असा घातला, की खिडकीखालच्या पलंगावर गुरफटून पडलेल्या अक्षरानं पांघरुणातून डोकं बाहेर काढलं.

"आत्या, हळू. डोकं ठणकून राहिलंय."

"बी फुटल्याबिगर घशाला गुण येत न्हाई. तू झोप."

बोरं गावाकडची, उमरीची होती, तिथल्या घराच्या गच्चीवर उमाबाईंनी स्वतः वाळवलेली. गल्लीत कुणाला पहिली शिंक आली, की दुसरी यायच्या आत त्या घरचं पातेलं यांच्या दारात यायचं, अशी त्यांच्या काढ्याची ख्याती. डॉक्टरांनाही आपण दोनदा पाजलाय, असं त्या सांगत. डॉक्टर मात्र तसं कुणाला सांगत नसत.

आज तो काढा लातुरात, भाड्याच्या एका खोलीत होत होता. भाऊ सोमेश यायचा होता.

आदल्या दिवशी त्याचा फोन आला होता. "आक्का, पोरगी या थंडीत तिसऱ्यांदा आजारी पडली. क्लासच्या शेजारीच हॉस्टेल हाय म्हणतेत, मेस हाय, नर्स हाय. येतो अन् बघून घेतो. तू पण कशाला उगं हाल काढतीस तिकडं?"

उमाबाई "हाव, ये की," म्हणाल्या आणि फोन ठेवून बराच वेळ ओट्याला हात टेकून उभ्या राहिल्या. हाल? नवरा गेल्यापासून त्या भावाच्या घरी होत्या. भावजयीनं कधी उणा शब्द काढला नाही, पण भाजी कोणती करू, असं कधी विचारलंही नाही. अक्षराच्या क्लासमुळे त्या तिच्यासोबत लातूरला आल्या आणि उभ्या जन्मात पहिल्यांदा एक शेगडी, चार डबे आणि दाराची किल्ली त्यांची स्वतःची झाली. इथं त्या सुखात होत्या. हे सुख त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. भाचीच्या अभ्यासासाठी राहणारी आत्या सुखात आहे म्हटलं, तर लोकांना ते बरं दिसत नाही.

त्यामुळे सकाळी उठल्यापासून खोलीत दिवाळी चालली होती. डबे घासून झाले, ओटा धुऊन झाला. भिंतीवरच्या खिळ्यांना टांगलेल्या पुरचुंड्यासुद्धा सोडून, फडकी धुऊन, वाळवून पुन्हा बांधल्या.

खाली राहणारी घरमालकीण गौसिया दोन मोसंब्या घेऊन वर आली. तिच्या नवऱ्याचा, जलीलचा, फळांचा गाडा होता.

"आक्का, पहाटेपासून भांड्यांचा आवाज येऊन राहिला. पाव्हणा येणार की तपासणीवाला?"

"दोन्ही एकच हाय आज."

गौसिया हसली नाही. मोसंबी ओट्यावर ठेवत म्हणाली, "तुम्ही गेल्यावर ही खोली मी कुणाला देणार न्हाई, बघा."

"मी कुठं चालले?" उमाबाई म्हणाल्या. "तो काढा प्यायला की बोलायचा न्हाई."

गौसिया गेल्यावर त्यांनी कुटलेली बोरं, अंजिराचे तुकडे, आलं आणि चार मिरे पाण्यात टाकले. पाणी निम्मं आटलं. खोलीभर वास पसरला, तसं अक्षराचं बंद नाकही हललं. मग शेगडीजवळच्या खिळ्याची पुरचुंडी सोडून त्यांनी खडीसाखरेचा खडा घातला, भांडं खाली उतरवलं आणि वरून मोसंबी पिळली. चव घ्यायचा प्रश्नच नव्हता. देवाला दाखवायच्या आधी जिभेला लावलं की ते उष्टं. आईनं ही शिकवण दिली होती आणि उमाबाईंनी ती उभा जन्म पाळली होती. गळ्यातल्या इष्टलिंगाला साक्ष ठेवून स्वयंपाक करणाऱ्या बाईचं माप हातात असतं, जिभेवर नसतं, असं त्या सुनवायच्या.

गाळल्यावर त्या स्वतःच चकित झाल्या. नेहमी गढूळ दिसणारा काढा थोडा निवल्यावर आज मधासारखा नितळ दिसत होता. गाळ सगळा तळाला बसलेला.

"अक्षरा, बघ गं कसा उतरलाय. असा तर उमरीतसुद्धा कधी झाला न्हाई."

तेवढ्यात सोमेश आला. बसच्या प्रवासानं त्याचाही घसा बसला होता. उमाबाईंनी देवापुढे वाटी दाखवली, काढा तीन कपांत ओतला आणि पहिला भावाच्या हातात दिला, दुसरा अक्षराच्या.

सोमेशनं घोट घेतला. त्याचे गाल आत ओढले गेले. त्यानं कपात पाहिलं, मग बहिणीकडे.

"आक्का, यात आवळा हाय का?"

"आवळा कशाला घालू? बोरं हायत. आपल्या गच्चीवरची."

अक्षरानं घोट घेतला. क्षणभर तिचे ओठ मिटलेले राहिले. उमाबाईंचं लक्ष नव्हतं, त्या आपला कप उचलत होत्या. सोमेश मात्र पोरीकडे बघत होता. तिनं डोळे मिटले आणि एका दमात कप रिकामा केला.

"आत्या, तुझा पण दे ना."

"आता गं? एवढा?"

"घसा लई दुखून राहिलाय. दे ना." कप तोंडाशी नेणाऱ्या उमाबाईंच्या हातातून तिनं तो जवळजवळ ओढूनच घेतला आणि तोही संपवला. मग पाठ भिंतीला टेकवून, ओलावलेल्या डोळ्यांनी बापाला म्हणाली, "पप्पा, प्या की. आत्यासारखं कुणीच करत न्हाई."

सोमेश कप हातात धरून बसला होता. लेकीकडे त्यानं बराच वेळ पाहिलं. मग त्यानंही तो तळापर्यंत रिता केला आणि कप आपल्या हातानं मोरीत नेऊन ठेवला. घरी तो असं कधी करत नसे.

जेवण झालं. पायांत चपला घालताना तो म्हणाला, "हॉस्टेलचं राहू दे आक्का. पोरगी तुझ्यापाशीच बरी हाय."

"म्हटलं न्हवतं?" उमाबाई म्हणाल्या. तो जिना उतरून गेल्यावर त्यांनी पदर डोळ्यांना लावला. मग जिन्यावरून खाली वाकून, गौसियाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "प्यायला. अन् गप बसला."

दुसऱ्या दिवशी सकाळी गौसिया वर आली ती दारातच थांबली.

"आक्का, पाण्याच्या घागरीला मुंग्या कामून लागल्या?"

घागरीच्या काठावर मुंग्यांची रांग होती. पाणी टँकरचं. रात्री झोपण्याआधी उमाबाईंनी त्यात नेहमीप्रमाणे तुरटी फिरवली होती, तरी ते तसंच गढूळ होतं. त्यांनी घागरीजवळच्या खिळ्याची पुरचुंडी काढली. फडकं चिकट लागलं. आतला खडा विरघळून अर्धा झाला होता. त्यांनी तो जिभेला लावला.

गोड.

मग त्या शेगडीपाशी गेल्या आणि तिथली पुरचुंडी सोडली. खडा जिभेला लागताच सगळं तोंड आवळून आलं. धुतलेली फडकी, एकसारखे खडे, काल घाईघाईत चुकलेले दोन खिळे.

"काय झालं, आक्का?"

"काही न्हाई. साखर सांडली असंल."

गौसिया गेली. उमाबाई हातात दोन्ही पुरचुंड्या घेऊन पाटावर बसल्या. त्यांना भावाचे ओढलेले गाल आठवले, आवळ्याचा प्रश्न आठवला. मग आपल्या हातातून ओढून घेतलेला कप आठवला, आणि त्यांना तिथंच भरून आलं. पोटच्या पोरीनंही एवढं केलं नसतं, असं त्यांच्या मनात आलं.

उठून त्यांनी पुन्हा बोरं कुटायला घेतली. खडीसाखरेचा खडा घालण्याआधी मात्र त्याचा तुकडा मोडून जिभेवर ठेवला, देवाच्या तसबिरीकडे पाठ करून. काढा गढूळच उतरला, नेहमीसारखा. देवाला दाखवून त्यांनी दोन कप भरले.

अक्षरानं कप घेतला आणि जपून, ओठ अगदी जेमतेम लावून, घोट घेतला. मग तिनं मान वर केली. उमाबाई आपला कप घेऊन तिच्याशेजारी पलंगावर टेकल्या होत्या.

"आज माझा वाटा मागायचा न्हाई," त्या म्हणाल्या.

अक्षराचे कान तांबडे झाले. तिनं कपात बघत विचारलं, "कालच्यासारखाच झालाय ना?"

उमाबाईंनी सावकाश घोट घेतला. गोड होता. आल्याची धार बरोबर होती, मोसंबीचा आंबटपणाही.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "कालचा जास्त चांगला झाल्ता."