बोटभर फट

"बघा गं, गालावर अजून लाली आहे. आत्ता उठेल आणि हाक मारेल."

शेजारच्या काकूंचा हा आवाज. मी तेव्हा एवढीशी होते, कोणाच्या तरी कडेवर. आईला बाहेरच्या खोलीत निजवलं होतं आणि बायका दाटीने भोवती बसल्या होत्या. आईचा चेहरा मला आठवत नाही. ती लाली तेवढी आठवते. की काकू म्हणाल्या म्हणून आठवते, कोण जाणे. झोपेत हृदय बंद पडलं, असं घरात सांगत. पुढे कोणी विषय काढलाच तर बाबा हातातल्या फळीवर रंधा मारायला लागत, आणि तो विषय लाकडाच्या भुशासारखा खाली पडून जाई.

डॉक्टरकी शिकताना एकदा सरांनी पडद्यावर एका प्रेताचं चित्र दाखवलं. माणूस मेला की फिकट पडतो, मग अंगाच्या खालच्या बाजूला रक्त साकळून जांभळट डाग उमटतात. हे प्रेत मात्र गुलाबी होतं, नुकतंच न्हाऊन आल्यासारखं. सर म्हणाले, हा कार्बन मोनॉक्साइड. याला ना रंग ना वास. बंद खोलीत शेगडी धुमसत ठेवली की पाहुण्यासारखा येतो, झोपलेल्या माणसाला उचलतो आणि जाताना गालाला लाली लावून जातो.

तास संपला, वर्ग रिकामा झाला, मी बाकावरच बसून होते. कानात काकू बोलत होत्या.

म्हणजे हृदय नव्हतं. बंद खोली होती, शेगडी होती. आणि खोली कोणी बंद केली, हे मला विचारावं लागलंच नाही, कारण मी बाबांच्या घरात वाढले होते. बाबा सुतार. गावभर त्यांनी बसवलेली दारं अशी मिटत की कागद सरकायचा नाही. आमच्या घरचं मात्र एकही दार मिटत नसे. प्रत्येक दाराखाली पाचर, प्रत्येक खिडकीत लाकडाचा ठोकळा, बोटभर फट कायमची. थंडीत आम्ही घोंगड्या गुंडाळून जेवायचो. आत्या म्हणायची, "तुमच्याकडे वारा भाडेकरू आहे, आणि तुम्ही पाहुणे." बाबा हसायचे नाहीत. निजायच्या आधी सगळ्या पाचरी हाताने चाचपून यायचे आणि तोंडातल्या तोंडात म्हणायचे,

नीज आली गं दाराशी, तिला आत घेऊ नको
लेक जागी माझी बाई, दिवा मालवू गं नको

ही आईची ओवी. आईचा आवाज मला ठाऊक नाही. तिचे शब्द माझ्याकडे आले ते बाबांच्या घोगऱ्या गळ्यातून.

मी हिशेब मांडून टाकला होता. खोली बाबांनी बंद केली, शेगडी आत ठेवली, आई गेली. उरलेला जन्म ते फटी राखत बसले. मी त्यांना मनातल्या मनात माफ करून टाकलं आणि तोंड उघडलं नाही. विचारलं असतं तर तो आरोप झाला असता, आणि आरोपाचं उत्तर घेऊन त्यांच्या शेजारी जेवायला बसण्याची छाती माझ्यात नव्हती. रोज परक्यांच्या मरणाचं कारण शोधायचं आणि घरातल्या एका मरणाला वळसा घालून चालायचं. सवय होते. वळसाच रस्ता होतो.

मग एका शिंप्याची बायको माझ्या शवविच्छेदनाच्या टेबलावर आली.

आमच्या शवागारात एक मदतनीस आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात. मामांची जीभ तिखट आणि हात मऊ. आपल्याकडे गर्दी कितीही होवो, एकही जण रांग मोडत नाही, असं ते नव्या पोलिसांना आवर्जून ऐकवतात. त्या सकाळी मात्र त्यांनी चादर बाजूला केली. माझ्याकडे पाहिलं फक्त.

तिशीच्या आतली बाई. न्हाणीघरात पडलेली सापडली. केस ओले होते, अंगावर मार नाही, गळ्यावर खूण नाही. आणि गाल असे, की जणू आत्ता कोणी थट्टा केली असावी.

बाहेर तिचा भाऊ फौजदारांपुढे उभा होता. तो एकच सांगत होता: माझी बहीण ठणठणीत होती, कालच बोलली माझ्याशी, या माणसाने तिला काहीतरी खायला घातलं. शिंपी भिंतीशी उकिडवा बसला होता. गळ्यात माप घ्यायची फीत तशीच लटकत होती. काढायची विसरला होता, की कोणी सांगितलंच नव्हतं. त्याने ना हो म्हटलं, ना नाही. फौजदार मला हळूच म्हणाले, गप्प बसणारा नवरा मला आवडत नाही, बाई.

तसा रंग काही विषांनीही येतो. गारठ्यात पडून राहिलेल्या देहालाही येतो. त्यामुळे मी ठाम काही बोलले नाही. रक्त लालभडक निघालं, ते तपासणीला पाठवलं, आणि उत्तर यायच्या आतच फौजदारांना म्हटलं, गॅसचा संशय आहे, मला जागा बघायची आहे. माझी ही पद्धतच आहे. माणूस कशाने मेला ते देह सांगतो, पण कसा मेला ते भिंती सांगतात.

दोन खोल्यांचं घर. पुढच्या खोलीत शिवणयंत्र, त्याच्यावर अर्धवट कोट, बाहीला अजून टाचण्या. पाळण्यात एक मुलगी झोपली होती, नाक चोंदलेलं, श्वास घरघरत होता. शेजारीण तिच्याजवळ बसली होती. मागे न्हाणीघर, हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतील एवढं. भिंतीवर गॅसवर पाणी तापवायचं यंत्र. वर छताशी एक झरोका, उघडा.

उघडा झरोका पाहून फौजदारांनी नकारार्थी मान हलवली. वारा येतोय की, मग गॅस कोंडेल कसा, असं त्यांनी बोलूनही दाखवलं. मी स्टुलावर चढले. झरोक्याच्या चौकटीला सगळीकडे जुनी काजळी धरली होती, आणि कडेला मात्र चारही बाजूंनी ती घासून पुसली गेल्याचा एक स्वच्छ पट्टा होता. सरळ, सारख्या रुंदीचा. इथे काहीतरी बसवलेलं होतं आणि ते नुकतंच काढलेलं होतं. खिळ्याला एक काळा दोरा अडकून राहिला होता.

मी फौजदारांना जरा बाहेर थांबायला सांगितलं. ते कुरकुरले, पण थांबले.

शिंप्याला मी काही विचारलं नाही. तो दोरा त्याच्या तळहातावर ठेवला. त्याने तो पाहिला, बोटाने सरळ केला, आणि उठून शिवणयंत्राच्या खालून एक छोटी गादी काढून माझ्यापुढे धरली. जुन्या कोटाच्या अस्तराची होती. आत कापूस, वरून रबरी कापड, वाफेने भिजू नये म्हणून. कडेला दुहेरी शिवण. चारही कोपरे असे काटकोनात वळवलेले, की एखाद्या साहेबाच्या कोटाची कॉलर असावी.

"झरोक्याचं माप घेऊन शिवली," तो म्हणाला. "दोनदा घेतलं माप. कापड थोडं दाबून बसेल असं. एका सुताची जरी चूक झाली असती ना, बाई, तर ती आज असती. पण माझ्या हातून मापात चूक होत नाही."

त्यानंतर तो थांबेना. आदल्या दिवशी संध्याकाळी ती गादी बसवली. सकाळी त्याच्या बायकोने आधी मुलीला आंघोळ घातली, झटपट, आणि टॉवेलात गुंडाळून त्याच्याकडे दिली. मग स्वतः गेली. केस धुवायचे होते, म्हणून पाणी बराच वेळ चालू होतं. दार फोडलं तेव्हा त्याला पहिल्यांदा ती गादीच दिसली. ओढून काढली. का काढली, ते त्याला सांगता येईना. वारा यावा म्हणून काढली असेल, आणि मग लपवली असेल.

मी त्याला सांगितलं की हे फौजदारांना सांगावं लागेल, गादीही द्यावी लागेल, आणि मला अहवालात झरोका बंद होता असं लिहावं लागेल. खून नाही, हेही त्यातच लिहिलं जाईल. तो मान हलवत होता. यातल्या कशालाच त्याची हरकत नव्हती. त्याचं लक्ष पाळण्याकडे होतं.

"सगळं लिहा," तो म्हणाला. "फक्त गादी कशासाठी शिवली ते लिहू नका. पोरीला सर्दी झाली होती. आंघोळीला गार वारा लागतो म्हणून तिची आई मागे लागली होती. उद्या पोरगी मोठी होईल, कोणीतरी तिला म्हणेल, तुझ्या सर्दीपायी गेली तुझी आई. मी कपाळकरंटा ठरलो तरी चालेल. तिच्या माथी नको."

कशासाठी, हा रकाना आमच्या अहवालात नसतो. तसं मी त्याला सांगितलं.

पाळण्यातलं लेकरू घरघरत होतं. मला लहानपणी खोकला होता. हे मला कोणी सांगितलं होतं? आत्याने, बोलता बोलता कधीतरी: काय बाई खोकायचीस तू, रात्र रात्र. आणि बाबांनी तिच्याकडे पाहिलं होतं, आणि ती एकदम वेगळंच काही बोलायला लागली होती.

रक्ताचा निकाल दुसऱ्या दिवशी आला, मला ठाऊक होता तसाच. तिच्या भावाला मी समोर बसवून समजावलं. तो गादी हातात घेऊन उलटीपालटी करत राहिला. शेवटी म्हणाला, किती बारीक शिवलंय, आणि रडायला लागला. मग बाहेर जाऊन शिंप्याच्या शेजारी भिंतीशी उकिडवा बसला. मामांनी दोघांना पाणी नेऊन दिलं, एकही विनोद न करता.

संध्याकाळी मी घरी आले तेव्हा बाबा अंगणाकडच्या दारापाशी बसून नवी पाचर तासत होते. हात थरथरतात आता, पण पटाशी धरली की थरथर कुठे जाते कळत नाही. मी त्यांच्या शेजारी खाली बसले. शिंप्याची सगळी गोष्ट सांगितली. माप, दुहेरी शिवण, काटकोनातले कोपरे. कारागिराने कारागिराला दाद द्यावी तशी त्यांची मान हलत होती. मुलीच्या सर्दीपाशी आले तेव्हा मान थांबली.

"त्याने मला ते लपवायला सांगितलं, बाबा," मी म्हटलं. "पोरीच्या माथी येऊ नये म्हणून."

पटाशी खाली ठेवलेली मी ऐकली. अंगणातला उजेड दाराच्या फटीतून येऊन त्यांच्या पायावर पडला होता.

"मला ठाऊक आहे आई कशाने गेली," मी म्हणाले. "लाली कसली होती, ते शिकले तेव्हापासून ठाऊक आहे. मला वाटायचं, तुम्ही खोली बंद केलीत."

"खिडकीच्या फटी तिनेच चिंध्या कोंबून बुजवल्या," बाबा म्हणाले. "तुझा खोकला थांबेना म्हणून. शेगडीही तुझ्यासाठीच. तरी तू किरकिरतच होतीस, ठमे. ती किती तरी रात्री झोपली नव्हती. मी तुला उचललं आणि बाहेरच्या खोलीत घेऊन आलो. म्हटलं, हिला जरा नीज लागू दे."

त्यांनी पाचर उचलली, अंगठ्याने तिची कड चाचपली, आणि ती माझ्या हातात दिली, जणू पुढचं बोलायला दोन्ही हात रिकामे लागत होते.

"दार उघडंच ठेवा, म्हणाली होती. मला ठमीचा आवाज येत राहू दे. अर्धवट झोपेतच म्हणाली. हो म्हटलं मी तिला. आणि तू रडायला लागलीस, ती जागी होईल म्हणून मी ते दार लावून घेतलं."