आजोबांना न सांगता पाहिलेला समुद्र

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे. दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरात, एका सरकारी क्वार्टरमध्ये राहते. चाळीस वर्षांपूर्वी विष्णू आजोबांनी मला चांदणी चौकातून आणलं. दर हिवाळ्यात आम्ही ओखल्याला यमुनेकाठी पक्षी बघायला जायचो. पाण्यावर कुरव, हे समुद्रपक्षी, उतरले की आजोबा म्हणायचे, यांचा समुद्र एकदा बघायचा आहे. सगळी नोकरी दिल्लीत गेली, तो योग काही आला नाही.

यंदा त्यांच्या मुलाने, यशोधनने, विशाखापट्टणमची सहल ठरवली. समुद्राकाठचा रस्ता, बंदर आणि तिथलं प्राणिसंग्रहालय. आजोबांनी मोच्याकडून माझा पट्टा शिवून घेतला. रोज संध्याकाळी नातीला, स्वानंदीला, नकाशा दाखवायचे.

निघायला तीन दिवस उरले असताना यशोधन म्हणाला, सुट्टी मंजूर झाली नाही, सहल कॅन्सल. शिवाय घरात रंगकाम काढतोय, तोवर तुम्ही नोएडाला प्रभाआत्याकडे राहा. मला कपाटात ठेवून आजोबा नोएडाला गेले. तिसऱ्या दिवशी सुनेने, मयुराने, मला बॅगेत टाकलं.

मी समुद्र पाहिला, मित्रांनो. दूरवर जहाजं उभी होती, लाटांवर कुरवांचा थवा होता. प्राणिसंग्रहालयात स्वानंदीने माझ्यातून झोपलेला वाघ पाहिला आणि मध्येच विचारलं, "मम्मा, सहल कॅन्सल नव्हती, तर आजोबांना का नाही आणलं?"

"त्यांचे गुडघे दुखतात, बेटा. सारखं थांबावं लागलं असतं," मयुरा म्हणाली. "त्यांना सांगायचं नाही, अच्छा?"

स्वानंदीने मान डोलावली. पुढे दिवसभर मी तिच्या गळ्यात नुसती लोंबत राहिले.

आजोबा परतले, तेव्हा भिंती होत्या तशाच होत्या.  त्यांनी सवयीने मला पुसायला घेतलं, तर पट्ट्याच्या शिवणीतून वाळू त्यांच्या मांडीवर सांडली. ती त्यांनी बोटांनी चाचपली. यशोधनने पाहिलं आणि तो त्यांच्या तब्येतीचं काहीबाही सांगू लागला.

"तुम्हाला झेपणार नाही, असं तोंडावर म्हणाला असतास, तर मी घरी राहिलो असतो," आजोबा म्हणाले. "खोटं कशाला बोललास?"

यशोधन खाली वाकून वाळू गोळा करू लागला. मी तरी कुठे वेगळी? मीही त्यांच्या पाठीमागे सगळं बघून आले होते.

त्यानंतर आजोबांनी मला डोळ्याला लावलं नाही. एकदा स्वानंदीने मला कपाटातून काढून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला, मला तिच्याच गळ्यात घातलं आणि म्हणाले, "तूच बघ आता."

मित्रांनो, मला जपायला एक मऊ फडकं पुरतं. पण घरातल्या म्हाताऱ्या माणसाला नाही म्हणायचं असेल, तर त्याच्यासमोर बसून म्हणा. तेवढं तो सोसतो.