एकालाच पुरेल एवढं

पिरोत गावच्या डॉक्टरांनी पडद्यावरचं चित्र बघून नुसतं "हं" केलं, तेव्हाच ल्यूबिंका खुर्ची पुढे ओढून बसली.

सहा महिन्यांपूर्वी तिच्या नवऱ्याच्या, वितोमिरच्या, डोक्यातली गाठ काढली होती. नंतर सहा आठवडे किरणं झाली, मग गोळ्या. वितोमिरने सव्वीस वर्षं पिरोत-निशची बस चालवली होती. आता पाव हवा असला की 'ब्रेक' म्हणायचा आणि स्वतःवरच चिडायचा. पण चालत होता, दाढी स्वतः करत होता. आणि आता म्हणे काढलेल्या जागी पांढरा डाग दिसतोय, पहिल्या गाठीहून मोठा.

"परतलीय," डॉक्टर म्हणाले. "गोळ्या थांबवा. घरी न्या, आवडेल ते खाऊ घाला."

"शाळेच्या स्वयंपाकघरात जन्म गेला माझा," ल्यूबिंका म्हणाली. "खाऊ घालायचं मला शिकवू नका. गाठच आहे हे कशावरून, ते सांगा."

ते त्यांना सांगता येईना. तिने त्याला बेलग्रेडला नेलं.

तिथल्या डॉक्टर ग्रोझ्दाना वयस्क होत्या, बोलायला सरळ. "किरणांनी मेलेला भागही सुजतो, बाई. एमआरआयवर गाठ पांढरी आणि जखमही पांढरीच. पण जिवंत गाठीला भूक असते. तिच्या आवडीचं औषध आम्ही शिरेतून सोडतो. जिवंत असेल ती ते खाते, आणि दुसऱ्या यंत्रात पेटलेली दिसते. मेलेलं काही खात नाही."

"म्हणजे अंधार दिसला तर चांगलं?"

"अंधार दिसला तर फार चांगलं."

त्या दिवसापासून ल्यूबिंकाने मेणबत्ती लावताना देवाकडे अंधारच मागितला.

औषधाची एक खोड होती. ते बाहेरून गाडीने यायचं आणि दर दोन तासांनी अर्धं व्हायचं. नेमलेल्या दिवशी बर्फ पडला. नऊची गाडी येईना. अकराला बेलग्रेडच्याच रुग्णांना परत पाठवलं. उरले दोनच, लांबून आलेले: वितोमिर, आणि व्रान्येची सव्वीस वर्षांची तियाना. तिच्याबरोबर तिचा बाप स्पासोये होता. डोक्याला रुमाल बांधलेली तियाना वितोमिरला हसवत होती. तो पावाला ब्रेक म्हणाला, तर ती म्हणाली, "काका, मी तर परवा आईला टोपी म्हटलं!" तिने आणि ल्यूबिंकाने एकमेकींचे फोन नंबरही घेतले.

गाडी दोनला आली. डॉक्टर औषध मोजून बाहेर आल्या.

"एकालाच पुरेल एवढं उरलंय. पुढची खेप दहा दिवसांनी. यादीत वितोमिर आधी आहेत."

स्पासोये उठला. हातातली टोपी चुरगाळत ल्यूबिंकापुढे उभा राहिला. "ताई, परवा हिच्या ऑपरेशनचं ठरवायचंय. गाठ असेल तर कापणार. आमचे डॉक्टर म्हणतात कापूच. न बघता कापलं तर... वाचाच जाईल म्हणतात."

ल्यूबिंका वितोमिरच्या कोटाची बटणं काढू लागली.

वितोमिरने तिची बाही ओढली. शब्द शोधताना त्याचा चेहरा लाल झाला. "सीट," तो म्हणाला. "पोरीला. सीट दे."

"गप्प बस तू!" ती ओरडली. मग डॉक्टरांना म्हणाली, "आमचा नंबर आहे. याला घ्या."

स्पासोये टोपी घालून जाग्यावर जाऊन बसला. वितोमिर यंत्राच्या खोलीत गेला तेव्हा त्याने बायकोकडे पाहिलं नाही. तियानाने डब्यातली चीजची पोळी मोडून अर्धी तिच्यापुढे धरली. ल्यूबिंकाने मान हलवली.

संध्याकाळी डॉक्टरांनी चित्र दाखवलं. करड्या मेंदूत एका बाजूला लाल निखारा होता.

"हे लाल म्हणजे?"

डॉक्टरांनी तिचा हात धरला. "भुकेलेलं आहे, बाई."

"पुन्हा काढा! औषध शिळं होतं. तुम्हीच म्हणालात, विरून जातं!"

"शिळ्या औषधाने कमी पेटलं असतं," डॉक्टर हळू म्हणाल्या. "हे तर खूपच पेटलंय."

ल्यूबिंका खुर्चीतून खाली जमिनीवर बसली आणि तिथेच बसून राहिली. वितोमिरनेच तिला काखेत हात घालून उठवलं.

गाठ वाचेच्या जागी पसरली होती, पुन्हा कापता येणार नव्हतं. दुसरं औषध सुरू झालं. आठवडाभर तो बरा वाटला, मग उजवा हात गेला.

तीन आठवड्यांनी स्पासोयेचा फोन आला. त्याने ऑपरेशन हट्टाने थांबवलं होतं. दुसऱ्या खेपेला तियानाचं चित्र काढलं, तर सगळा अंधार. नुसती जखम होती. "हिच्या डॉक्टरांच्या पाया पडून दहा दिवस मागून घेतले, ताई. तुम्हाला मात्र वाटभर शिव्या घातल्या, खोटं कशाला बोलू. तुमच्या मालकांचं?"

"पेटलं," ल्यूबिंका म्हणाली आणि फोन ठेवला.

वितोमिरला तिने तीनदा सांगितलं, पोरीचं बरं निघालं. तिसऱ्यांदा त्याला उमगलं. तो तिच्या केसांवरून डावा हात फिरवत राहिला, आणि ती उशीत तोंड खुपसून रडली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच.

एप्रिलच्या अखेरीस तो गेला. दफनाला व्रान्येहून बापलेक आले आणि मागच्या रांगेत उभे राहिले. गेलेल्याच्या नावाने सगळ्यांना वाटतात त्या उकडलेल्या गव्हाची परात घेऊन ल्यूबिंका त्यांच्यापाशी गेली. तियानाने छातीवर क्रूसाची खूण केली, चमचाभर गहू घेतला.

"ताई," स्पासोये म्हणाला, "तुमच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं."

"ठाऊक आहे मला," ल्यूबिंका म्हणाली. "पण त्याने नसतं केलं." आणि परात पुढे सरकवून म्हणाली, "घ्या, दादा. आणखी घ्या. त्याच्या नावाचं आहे."